अन्नपूर्णा सर्किट: एकट्याने निघून टोळीने खिंड ओलांडायची तर

आपल्याकडच्या ट्रेकला ग्रुप आधी ठरतो, डोंगर नंतर. लीडर असतो, पुढे एक जाणता, कुणी मागे राहू नये म्हणून शेवटी टेल, आणि दर तासाला माणसांचा काउंट. नेपाळच्या अन्नपूर्णा सर्किटवर, म्हणजे अन्नपूर्णा पर्वतरांगेला वळसा घालणाऱ्या ट्रेकवर, नेमकं उलटं होतं. माणसं एकेकटी, फार तर दोघं-दोघं येतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत पाच-सात जणांची टोळी आपसूक तयार होते. त्यात कुणी इस्रायलचा, कुणी पोलंडची, कुणी कोल्हापूरचा. जेवायला एकत्र, चालायला एकत्र, आणि शेवटी ५,४१६ मीटरवरची थोरोंग ला ही खिंडही एकत्र. मजा याच्यातच आहे आणि धोकाही याच्यातच, कारण या टोळीला लीडर नसतो. कुणाला परत फिरवायचं, कधी थांबायचं, हे कुणीच ठरवलेलं नसतं. उंचीवर बिघडलेल्या बऱ्याच प्रकरणांच्या मुळाशी एवढंच असतं की एकाचं डोकं दुखत होतं आणि बाकीचे निघाले म्हणून तोही निघाला.

म्हणून वाटेची माहिती देता देता टोळीचीही देतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. थोरोंग ला त्याच्या तिपटीहून उंच. सह्याद्रीत पाय कितीही तयार असले तरी उंची ही वेगळी बाब आहे, तिथे फिटनेसचं सर्टिफिकेट चालत नाही. उलट तब्येतीने दणकट, भरभर चालणारी माणसंच जास्त अडकतात, कारण ती लवकर वर पोचतात.

कधी, कसं, कशासोबत

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मुख्य हंगाम. दिवाळीच्या सुट्टीला तो बरोबर जुळतो, पण नेपाळातही तेव्हा दसैं आणि तिहार असतात. बसा भरलेल्या, अर्धा देश गावी निघालेला, त्यामुळे सणाच्या आदल्या दोन दिवसांत काठमांडू-पोखरा प्रवास टाळलेला बरा. दुसरा हंगाम मार्च-एप्रिलचा. खाली लालीगुराँस म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन फुललेला असतो, वर खिंडीत मात्र बर्फ शिल्लक असू शकतो.

मुंबईहून काठमांडूला थेट विमान आहे. वेळ असेल आणि खिसा सांभाळायचा असेल तर लोकमान्य टिळक टर्मिनसहून गोरखपूरची गाडी, तिथून सुनौलीची सीमा आणि पलीकडे भैरहवाहून पोखऱ्याची बस. भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र जवळ ठेवा, आधार कार्डाच्या भरवशावर निघू नका. १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे. रोकड पोखऱ्यात किंवा जिथून वाट सुरू होते त्या बेसीसहरमध्येच काढून घ्यावी, खिंडीपलीकडचं जोमसोम येईपर्यंत एटीएमवर विसंबू नये. आणि थोडी जास्तच घ्यावी. टोळीतल्या कुणाचे तरी पैसे खिंडीअलीकडच्या मनांग गावात हमखास संपतात, तेव्हा उसने देणारा माणूस फार लोकप्रिय होतो.

परवाना अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा, ज्याला तिथे सगळे ‘एकॅप’ म्हणतात. इतर परदेशी लोकांना ३,००० नेपाळी रुपये आणि आपल्याला सार्क देशांचे म्हणून १,०००. पैसे भरण्याआधी चालू दर पोखऱ्याच्या पर्यटन कार्यालयात विचारून घ्या. १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरांनी नोंदणीकृत एजन्सीमार्फत परवानाधारक गाइड घ्यावा असा नेपाळचा नियम आहे. त्याबद्दल कुरकुर करणारे पुष्कळ भेटतील. माझं मत विचाराल तर लीडर नसलेल्या टोळीत एक तरी माणूस असा हवा, ज्याला खिंडीपलीकडे पोचण्याची घाई नाही आणि ज्याचं म्हणणं सगळे ऐकतात. तो गाइडच असतो. तीन-चार जणांनी मिळून एक गाइड घेतला की खर्चही जाणवत नाही. पोखऱ्यात परवाना काढायला आलेल्यांत असे भागीदार सहज मिळतात. एकट्या निघालेल्या मुलींसाठी सांगायचं तर पोखऱ्यात महिला गाइडही मिळतात, फक्त हंगामात आधी ठरवून ठेवावी लागते.

पोर्टर घेणार असाल तर दोघांत एक, आणि एकूण ओझं २० किलोच्या आत. टोळी जमली की ‘माझीही छोटी बॅग टाक रे त्याच्या पाठीवर’ सुरू होतं. ते पहिल्याच दिवशी थांबवा. त्याच्या अंगावर गरम कपडे आणि पायात धड बूट आहेत का, तेही निघण्यापूर्वी बघा, खिंडीच्या पहाटे नव्हे.

सॅकबद्दल फार लिहीत नाही, कारण वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांची भरलेलीच असते. उणे १० अंशाला चालणारी स्लीपिंग बॅग, पिसांचं जाकीट, हातमोज्यांचे दोन जोड, गॉगल, हेडटॉर्च, बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना लावायचे मायक्रोस्पाइक, पाणी शुद्ध करायचे थेंब किंवा गोळ्या. घरून शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, लसणाची कोरडी चटणी. चटणीची डबी जेवणाच्या टेबलावर उघडली की ओळखी आपोआप होतात. मात्र एक पथ्य पाळा. ‘फिल्टर तिच्याकडे आहे’, ‘औषधं त्याच्याकडे आहेत’ असं म्हणून स्वतःचं सामान कमी करू नका. वाटेवरची टोळी कुठल्याही सकाळी फुटू शकते, आणि फिल्टरवाली टिलिचो तलावाच्या आडवाटेने गेलेली असते. टॉर्च, औषधं, पाणी आणि विम्याचे कागद ज्याचे त्याच्याजवळ.

विमा ६,००० मीटरपर्यंतच्या ट्रेकिंगचा आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च देणारा हवा. साध्या प्रवास विम्यात उंचीची मर्यादा बारीक अक्षरांत लपलेली असते, ती शोधून वाचा.

जीप कुठवर

बेसीसहर ७६० मीटरवर. तिथून आता जीप पार मनांगपर्यंत जाते, आणि ड्रायव्हर तुम्हाला तिथवर न्यायला उत्सुक असतो. जाऊ नका. एका दिवसात ७६० वरून ३,५४० मीटरवर जाणं म्हणजे आजारपण विकत घेणं आहे. त्याच वेळी खालची वाटही पूर्ण चालायला हवी असं नाही. मार्स्याङदी नदीच्या खोऱ्यात रस्ता झाल्यापासून तिथे धूळ खात चालावं लागतं. मी धारापानीपर्यंत (१,८६०) जीप आणि पुढे पायी असं सुचवतो. रस्ता टाळणाऱ्या पायवाटा दगडांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी दाखवल्या आहेत, आडवाटांना निळ्या-पांढऱ्या.

टोळीची बीजं या जीपमध्येच पडतात. दहा माणसं कोंबलेली, एका बाजूला नदीची दरी, वर लटकणारे धबधबे. भीतीने माणसं बोलती होतात. पण पहिल्याच दिवशी ‘आपण सगळे आता एकत्रच’ अशा आणाभाका घेऊ नका. चांगला सोबती गप्पांवरून कळत नाही, चालीवरून कळतो. दोन दिवस आपल्या चालीने चाला. तिसऱ्या दिवशी ज्यांच्याशी चहाच्या टपऱ्यांवर पुन्हा पुन्हा गाठ पडते, ती तुमच्या वेगाची माणसं. टोळी त्यांची करावी.

मराठी माणसाला इथे एक फायदा फुकट मिळतो. पाट्या देवनागरीत असतात आणि हिंदी बहुतेक लॉजवाल्यांना समजते. बाकीचे मोबाईलमध्ये नकाशा फिरवत असतात तेव्हा आपण ‘खानेपानी’, ‘पैदल मार्ग’, ‘पहिरो’ म्हणजे दरड, असं सरळ वाचून मोकळे. शाळेनंतर कधी न दिसलेला ‘ङ’ इथे जागोजागी भेटतो: मनाङ, पिसाङ, ङावल. चौथ्या दिवशी तुम्ही टोळीचे दुभाषे झालेले असता. लॉजच्या बाईंना ‘दिदी’ आणि पुरुषाला ‘दाइ’ म्हणायचं, ताटात थोडा भात अजून हवा तर ‘थप’, पोट भरलं की ‘पुग्यो’. विकतचं डालभात इथे पोटभर असतं. भात, डाळ, भाजी मागाल तितकी वाढतात. दमलेल्या माणसाने पिझ्झा-पास्त्याच्या नादी लागू नये.

धारापानी ते मनांग

पहिला पायी दिवस धारापानी ते चामे. चढ बराच आहे, तिमाङजवळ मनास्लू शिखराचं दर्शन होतं. चामे (सुमारे २,७००) हे जिल्ह्याचं ठिकाण, बाजार बरा आहे. हातमोजे-टोपी विसरला असाल तर इथेच घ्या. नदीकाठी गरम पाण्याचं कुंड आहे. इथे स्नान करून घ्या, कारण पुढे उंचीवर अंघोळ करून थंडी भरवून घेणं परवडणारं नाही.

दुसरा दिवस चामे ते अप्पर पिसांग (३,३००). वाटेत पाँग्दा डाँडाचा प्रचंड गुळगुळीत कडा दिसतो, उपड्या परातीसारखा वाकलेला. स्थानिक लोक त्याला स्वर्गद्वारी म्हणतात. लोअर पिसांगला न थांबता वर जा. चढ दमवतो, पण समोर अन्नपूर्णा दोन हे शिखर अंगावर आल्यासारखं उभं असतं.

तिसऱ्या दिवशी वाट फुटते आणि टोळीचा पहिला वाद होतो. खालचा रस्ता सपाट, नदीकाठाने, पाच-सहा तासांत मनांगला पोचवणारा. वरची वाट घ्यारू आणि ङावलवरून. पिसांगहून घ्यारूपर्यंत जवळपास ४०० मीटरचा सरळ नागमोडी चढ, पण वरून अन्नपूर्णा दोन, तीन, चार आणि गंगापूर्णा एका रांगेत. वरचीच घ्या. केवळ दृश्यासाठी नाही. घ्यारू ३,७०० च्या आसपास, ङावल ३,६६०. ङावलला एक मुक्काम केला की मनांगला तुम्ही उतरून पोचता, आणि शरीराला उंचीचा सराव आधीच झालेला असतो. टोळीतले दोघे-तिघे खालून जायचं म्हणाले तर जाऊ द्या. मनांगमध्ये भेटायचं ठिकाण ठरवा आणि निरोप घ्या. वेगळं होण्यात रुसवाफुगवा नको, ही सवय पुढे कामी येते.

चौथ्या दिवशी ङावलहून भ्राकाची जुनी गुम्बा म्हणजे बौद्ध मठ बघत मनांग.

मनांगमधले दोन मुक्काम आणि टेबलावरचे चार प्रश्न

मनांगला एक दिवस जास्त राहायचंच. राहायचं म्हणजे पडून राहायचं नाही. गंगापूर्णा तलावाच्या वरच्या टेकाडावर किंवा जमत असेल तर आइस लेकच्या (सुमारे ४,६००) दिशेने चढून जायचं आणि झोपायला खाली यायचं. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथेच काढावा. एवढा एक नियम पाळला तरी बहुतेक दुखणी टळतात.

हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना मनांगमध्ये आहे. हंगामात तिथले डॉक्टर दुपारी उंचीच्या आजारांवर बोलतात. तिथे टोळीने जावं. एकट्याने ऐकलेलं एकट्यापाशी राहतं. सगळ्यांनी एकत्र ऐकलेलं असलं की दुसऱ्या दिवशी ‘डॉक्टर काय म्हणाल्या आठवतंय ना’ एवढं म्हणून भागतं.

डोकेदुखी, आणि जोडीला जेवण नकोसं होणं, मळमळ, चक्कर किंवा विलक्षण थकवा यांपैकी काही, म्हणजे उंची बाधली असंच धरायचं. दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत. त्या अवस्थेत वर जायचं नाही, तिथेच थांबायचं. चालताना तोल जाणं, असंबद्ध बोलणं हे मेंदूला सूज आल्याचं लक्षण. बसल्या जागी धाप, खोकला, ओठ निळे पडणं हे फुप्फुसात पाणी झाल्याचं. या दोन्हींत सकाळची वाट बघायची नाही, रात्र असली तरी ५०० ते १,००० मीटर खाली उतरवायचं, आणि सोबत माणूस देऊनच. डायमॉक्स म्हणजे अॅसिटाझोलामाइड बहुतेक जण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेतात. ती घरी असतानाच आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा, सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला सारखं जावं लागतं, हे अपेक्षितच आहे. आणि दुसऱ्याने आपल्या पाकिटातली गोळी दिली म्हणून घ्यायची नाही.

आता ते चार प्रश्न. मनांगच्या पहिल्या रात्री बुखारीभोवती, म्हणजे खोली गरम करणाऱ्या शेगडीभोवती, सगळे बसलेले असतात, तेव्हा ते काढावेत. कुणाचं परतीचं तिकीट कोणत्या तारखेचं आहे? कोण कोणतं औषध घेतंय आणि कुणाला आधीचं काही दुखणं आहे? विम्याचा क्रमांक आणि घरचा फोन कागदावर लिहून गाइडकडे दिलाय का? आणि एखाद्याला खाली उतरावं लागलं तर त्याच्यासोबत कोण जाणार? शेवटच्या प्रश्नावर शांतता पसरते. पसरू द्या. उत्तर मिळेपर्यंत विषय बदलू नका. ‘बघू तेव्हा’ हे उत्तर नाही, कारण ‘तेव्हा’ सगळ्यांनाच खिंड समोर दिसत असते. पहिला प्रश्न निरुपद्रवी वाटतो, पण माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. ज्याचं विमान पाच दिवसांवर आलंय तो हवामान बघून नाही, कॅलेंडर बघून निर्णय घेतो. अशा माणसाच्या हाती टोळीचा लगाम जाऊ देऊ नये.

या बैठकीत एकदा कोल्हापूरकडचा एक तरुण भेटला होता. दोन दिवस सगळ्यांना हसवत होता, त्या संध्याकाळी मात्र डालभात अर्धं टाकून उठला.

“काय रे, जेवला नाहीस?”

“काय नाही ओ काका, झोप झाली नाही नुसती.”

“डोकं?”

“जरा धरल्यासारखं झालंय. चालतंय की.”

गाइडने काही न बोलता जमिनीवरच्या लांब फळीकडे बोट दाखवलं. टाचेला अंगठा लावत फळीच्या रेघेवरून चालायचं. पोरगा सरळ चालला, एकदाही तोल गेला नाही, पण परत येऊन बसताना त्याने भिंत धरली. “भाइ, भोलि आराम,” गाइड म्हणाला. उद्या विश्रांती. त्याच्याबरोबर एक डच बाई थांबली, आम्ही पुढे निघालो. एक दिवस जास्त राहून तो ठणठणीत झाला आणि दोघंही आमच्यामागून खिंड ओलांडून आले. फळीची चाचणी कुणालाही, कुठेही घेता येते. फक्त ती पास झाली म्हणजे सगळं आलबेल असं मानू नका. जेवण टाकणं हीही खूणच आहे.

हेलिकॉप्टरबद्दलही इथेच बोलून घ्यावं. गरज नसताना ट्रेकरना हेलिकॉप्टरने उतरवून विमा कंपन्यांकडून पैसे उकळण्याचा धंदा नेपाळात चालत होता, आणि २०१८ साली सरकारला त्याची चौकशी करावी लागली. साध्या डोकेदुखीला कुणी ‘हेलिकॉप्टर बोलवू का, विमा आहे ना’ म्हणू लागलं तर आधी दवाखान्यात दाखवा. आणि खरी गरज असेल तेव्हा मात्र खर्चाचा विचार करत बसू नका.

टिलिचो तलाव (४,९१९) इथून निघून बघायचा तर तीनेक दिवस वाढतात. टोळी बहुतेक वेळा इथेच दुभंगते. वेळ असेल तर जा, सरावालाही ते चांगलं. पण सोबत सुटेल म्हणून जाऊ नका, आणि सोबत सुटेल म्हणून टाळूही नका. पुढच्या लॉजवर नवी माणसं असतातच.

लॉजमधला व्यवहार

खोलीचं भाडं कमी असतं, कमाई जेवणावर असते. म्हणून जिथे झोपायचं तिथेच रात्रीचं आणि सकाळचं खायचं, हा इथला अलिखित करार. स्वतःचे नूडल्स शिजवत बसणाऱ्याकडे दिदी ज्या नजरेने बघते ती नजर आपल्याला घरून परिचित आहे. ऑर्डर लवकर द्या आणि शक्यतो सगळ्यांनी एकच पदार्थ मागवा. एका चुलीवर सात वेगवेगळे पदार्थ म्हणजे नऊ वाजता जेवण आणि जळणाची नासाडी.

बिल वहीत खोलीच्या नंबरावर लिहितात. आल्या आल्या सांगा की प्रत्येकाचं वेगळं लिहा. सामाईक खर्च, म्हणजे गाइडची मजुरी, जीप, गरम पाण्याचा मोठा थर्मास, हे एकाने रोजच्या रोज लिहायचे आणि दर दोन दिवसांनी फेडायचे. ‘शेवटी बघू’ म्हटलं की शेवटी कुणीतरी आधीच जोमसोमहून उडालेला असतो. खायच्या प्यायच्या खर्चात सरसकट समान वाटणी करू नये. एक जण डालभातावर दिवस काढतो, दुसरा रोज अॅपल पाय आणि तीन कॉफ्या घेतो. दारू मनांगच्या वर नकोच, मग तिच्या हिशोबाचाही प्रश्न उरत नाही.

हंगामात थोरोंग फेदीला, म्हणजे खिंडीच्या पायथ्याच्या मुक्कामाला, खोल्या भरतात. एकट्याला डायनिंग हॉलमध्ये झोपावं लागू शकतं. टोळीचा इथे उघड फायदा: गाइड आदल्या दिवशी फोन करून तीन-चार खोल्या धरून ठेवतो. खोली वाटून घेताना घोरणारे एकत्र, लवकर उठणारे एकत्र. मुलींनी संकोच न करता आपली जोडीदार आपण निवडावी, गाइडच्या वाटपावर सोडू नये.

मनांगनंतर

याक खर्क (सुमारे ४,०५०) हा छोटा दिवस आहे, चार तासांत संपतो. बाराला पोचल्यावर ‘अजून पुढे जाऊया का’ असं कुणीतरी म्हणतंच. नाही. जेवा, तासभर वर फिरून या, पाणी प्या. दुसऱ्या दिवशी थोरोंग फेदी (४,४५० च्या आसपास). फेदीच्या आधी दरडीचा पट्टा आहे, तिथे फोटोला थांबायचं नाही. सकाळी लवकर, एकेकट्याने अंतर ठेवून, वरून दगड येतात का बघत पार व्हायचं.

फेदीला झोपायचं की हाय कॅम्पला (४,९०० च्या आसपास), यावर प्रत्येक टेबलावर चर्चा रंगते. हाय कॅम्पवर झोपलं की पहाटेचा चढ वाचतो, पण रात्रीची झोप जाते. मनांगपासून काही त्रास नसलेल्यांनीच तो विचार करावा. मी फेदीच्या बाजूचा. टोळीत एकालाही डोकेदुखी असेल तर सगळ्यांनी फेदीला राहावं.

खिंडीचा दिवस

दहा-अकरानंतर खिंडीत वारा सुटतो, म्हणून फेदीहून पहाटे चारच्या सुमाराला निघतात. पाण्याची बाटली रात्री गरम पाणी भरून स्लीपिंग बॅगेत घ्या, पहाटे ती मोज्यात घालून जाकिटाच्या आत. नळीची पाणीपिशवी गोठते. मोबाईल आणि टॉर्चच्या बॅटऱ्याही अंगाशी ठेवा. खाववत नसलं तरी थोडं त्साम्पा म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ किंवा लापशी पोटात ढकला.

हळू चालणाऱ्यांना अर्धा तास आधी निघू द्या, कुणाबरोबर तरी जोडी लावून. वेगवान माणसांनी मागून यावं. जिथे सगळे एकत्र निघतात तिथे हळू माणूस धापा टाकत इतरांची चाल पकडायला बघतो आणि तासाभरात संपतो. थांबायची ठिकाणं आधी ठरवा: हाय कॅम्पचा चहा, मग खिंड. अंधारात पुढे फक्त टॉर्चची रांग दिसते आणि प्रत्येक टेकाड शेवटचं वाटतं. नसतं. ‘बिस्तारै, बिस्तारै’ म्हणत गाइड मागून येत असतो, म्हणजे सावकाश. दहा पावलं, एक श्वास, पुन्हा दहा पावलं.

परत फिरायची वेळ फेदीलाच ठरवून ठेवा. साधारण अकरापर्यंत खिंड आली नाही तर मागे. बर्फ पडू लागला किंवा ढग खाली आले तर वेळेची वाटही बघायची नाही. १४ ऑक्टोबर २०१४ ला, ऐन हंगामात, हुदहुद चक्रीवादळाच्या उरलेल्या ढगांनी या भागात प्रचंड बर्फ टाकला आणि परिसरात ४० हून अधिक माणसं गेली. ट्रेकर होते, तसेच गाइड, पोर्टर आणि स्थानिकही होते. बंगालच्या उपसागरातलं वादळ दोन दिवसांत हिमालयात पोचू शकतं. तेव्हा ऑक्टोबरात आपल्या पूर्व किनाऱ्यावर काय चाललंय हे मनांगहून फोनवर विचारून घ्या. घरच्यांना टीव्हीवर ते आधी कळलेलं असतं. फेदीला एक दिवस जास्त बसल्याने काहीही बिघडत नाही. पुढची टोळी गेली, म्हणून वाट ठीक असेल, हा तर्क तिथे लावू नये.

खिंडीत प्रार्थनेच्या पताकांचा ढीग, एक पाटी आणि हंगामात चहाचं दुकान असतं. चहा महाग आहे, घ्या. फोटो काढा, पण पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका, घाम गार पडतो.

खरी कसोटी पुढे आहे. ५,४१६ वरून राणीपौवा गावापर्यंत (साधारण ३,७००) १,६०० मीटरहून जास्त उतार, तोही सलग. खिंड झाली या आनंदात तरणी माणसं धावत सुटतात आणि मागे गुडघे धरून उतरणारा एकटा राहतो. टेल ठेवायचा तो इथे. चढताना गाइड शेवटी असलाच तर उतरतानाही शेवटीच ठेवा, पुढच्यांना वाट सापडते. काठ्या लांब करून घ्या, बुटांच्या नाड्या पुन्हा आवळा.

मुक्तिनाथ आणि पांगापांग

मुक्तिनाथचं मंदिर गावाच्या वर, उतरताना आधीच लागतं. १०८ धारांखालून जाण्याची प्रथा आहे. खिंड उतरून घामेजलेल्या अंगाने तो हट्ट त्याच दिवशी करू नका. दुसऱ्या सकाळी वर चढून जा. शेजारी ज्वालामाईच्या देवळात जमिनीतून येणाऱ्या वायूवर छोटी ज्योत जळते. हिंदू आणि बौद्ध दोघांचंही हे क्षेत्र, त्यामुळे टोळीतल्या परक्यांना बरोबर न्यायला काहीच अडचण नाही. बूट, शांतता आणि फोटोची मर्यादा एवढं आधी सांगून ठेवा.

आठवडाभराने इथे अचानक मराठी कानावर पडतं. महाराष्ट्रातून यात्रा कंपन्यांच्या गाड्या येतात. शाल गुंडाळलेल्या काकू ‘अगंबाई, पलीकडून चालत आलात?’ म्हणून विचारतात आणि हातावर लाडू ठेवतात. त्यांनाही एक गोष्ट सांगावी. पोखऱ्याहून एका दिवसात जीपने इतक्या वर आलेल्या माणसाला उंची तुमच्यापेक्षा जास्त बाधते, तेव्हा धाप लागली तर देवळाच्या पायऱ्या रेटू नका.

राणीपौवाहून कागबेनी (२,८००) उतरून मग जोमसोम (२,७२०). कालीगंडकीच्या खोऱ्यात दुपारी वाऱ्याने डोळे उघडता येत नाहीत, म्हणून अंतर सकाळीच कापा. जोमसोमची विमानंही त्याच कारणाने सकाळीच उडतात आणि वाऱ्या-ढगांमुळे रद्द होतात, तेव्हा पुढच्या तिकिटात एक-दोन दिवसांची सवड ठेवा. बसने पोखऱ्याला दिवस जातो. कुणी मार्फाला सफरचंदं खायला थांबतं, कुणी तातोपानीवरून घोरेपानीला चढतं, कुणी थेट विमानाने जातं. टोळी इथेच पांगते, त्यामुळे जोमसोमच्या शेवटच्या जेवणाला वही काढून सामाईक हिशोब मिटवा, उसने पैसे परत करा. गाइड आणि पोर्टरची टीपही इथेच, सगळे हजर असताना गोळा करा. पोर्टरच्या हातात पोर्टरची आणि गाइडच्या हातात गाइडची, वेगवेगळ्या पाकिटांत द्या.